अळीत बी

मंगळवारी आणि शुक्रवारी मी एलुनेद प्रॉसरच्या पायाचं ड्रेसिंग बदलते.
लानिडलोसहून वर, शेवटचं घर तिचं, मग चर्च, मग नुसत्या मेंढ्या.
जखम जुनी, घोट्याच्या वर. कागदी पट्टीनं मोजते:
लांबी, रुंदी, कडांचा रंग.
ती खिडकीबाहेर बघते,
जखम शेजारणीची असल्यासारखी.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी म्हणाली,
"नर्स, आज तू माझे गुडघे हो."
एकेचाळीस वर्षं ती चर्चच्या आवारात, थडग्यांमधल्या गवतात
रांगत आली.
लोकांना वाटायचं, नवऱ्यासाठी प्रार्थना करतेय.
नवरा तेव्हा पबमध्ये होता, चांगला जिवंत,
आणि ही मोजत होती
काडेपेटीतल्या काडीएवढे नारिंगी दांडे.

फाटकाशी खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडी घेऊन
ती काठीनं दाखवत राहिली.
"ओवेन्सच्या डावीकडे. अगं, धाकट्या ओवेन्सच्या."
मेंढ्यांनी कातरलेलं गवत, शेवाळ,
युनिफॉर्ममधून वर चढणारी ओल.
आणि मग दिसला:
गाजराच्या शेंड्यासारखा, अंगभर बारीक पुरळ.
(नर्सला पुरळच दिसणार.)

लोणी लावायच्या सुरीनं माती उकरली,
लांबून, गोल, तिनं सांगितलं तशी, मुळाला धक्का न लावता.
मूळ नव्हतंच.
खाली पतंगाचा कोष. तपकिरी, शाबूत.
पंखांच्या घड्या वरून दिसाव्यात इतकी तयारी झालेली,
डोळ्यांचे उंचवटे, सोंडेची रेघ, सगळं जागच्या जागी,
जशी कुणी प्रवासाची बॅग भरून ठेवावी
आणि गाडीच येऊ नये.

टोकाशी तडा होता. आत पांढरं.
खोबऱ्यासारखं गच्च, काठोकाठ पांढरं,
आणि त्यात पतंग कुठेच नाही.

भुंग्याच्या ध्यासानं अळी भुंगा होते,
असं कीर्तनात ऐकलं होतं.
हिला कसला ध्यास होता?
एका दमट रात्री पाठीवर कण बसला,
कण कसला, धूळसुद्धा म्हणवणार नाही,
त्यानं दार ठोठावलं नाही, भिंतच विरघळवली.
ही पानं खात राहिली, कात टाकत राहिली,
दोघांचं जेवत राहिली.
मातीत उतरायचं ठरवलं ते हिनं?
की त्यानं?

"तुमच्यात काय म्हणतात याला?"
ती फाटकावरून ओरडली. ऐकू कमी येतं तिला.
अळंबी, मी ओरडले,
आणि शब्द तोंडाबाहेर पडल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आला.
अळी. मधे बी.
अळीत बी शिरलं की अळंबी.
पंडित हसतील. हसू देत.
त्या ओल्या गवतात मला दुसरी व्युत्पत्ती नको होती:
पहिलं अक्षर अळीचं, शेवटची वेलांटी अळीची,
मधलं सगळं दुसऱ्याचं.

एलुनेदनं तीनदा म्हणून पाहिलं. ळ तिला लगेच जमला,
त्यांच्याकडेही असले कष्टाचे ल आहेत.

"किती आहेत?"
एकच.
"गेल्या वर्षी अकरा होते."
मग बराच वेळ मेंढ्याच बोलल्या.
"मोज त्याला. आणि झाकून टाक नीट."
मी खिशातली पट्टी काढली. अडतीस मिलिमीटर.
माती परत लोटली, वर गवताचा तुकडा बसवला,
तळहातानं दाबला,
जसा आपण चिकटपट्टीचा कोपरा दाबतो.

रात्री गाडीत बसून नोंदी भरताना
प्रॉसर, ई., डावा पाय, या ओळीपुढे
लिहून गेले: तीन पूर्णांक आठ,
रंग नारिंगी, कडा स्वच्छ.
खोडलं.
मग जखमेचा खरा आकडा आठवेना.
सकाळी मोजली होती, नक्की मोजली होती.
खिशात पट्टी सापडली,
तिच्यावर माती.